बांधकाम चालू असताना

गोल खाल्ल्यानंतर आइस हॉकीचा गोलरक्षक लगेच कुणाकडे बघत नाही. जाळ्याच्या माथ्यावर ठेवलेली पाण्याची बाटली उचलतो, मुखवट्याच्या जाळीतून एक धार तोंडावर मारतो, बाटली परत जागेवर ठेवतो. मग समोरच्या निळ्या अर्धवर्तुळातला बर्फ स्केटच्या पात्याने या खांबापासून त्या खांबापर्यंत खरवडतो, काठीने दोन्ही खांब एकेकदा ठोकतो आणि गुडघ्यात वाकून तयार होतो. एरवी हे सगळं आपल्या नजरेतून निसटतं, कारण त्या वेळी आपण वरच्या मोठ्या पडद्यावर तोच गोल पुन्हा बघत असतो. पण गोल होतच राहिले, की नजर पडद्यावरून उतरते आणि त्या माणसावर येऊन थांबते.

2023 च्या 4 नोव्हेंबरला, शनिवारी, सॅन होजेच्या एसएपी सेंटरमध्ये मी तशी त्याच्याकडे बघत बसले होते. पिट्सबर्गने आमच्या शार्क्सना 10-2 हरवलं. दोनच दिवस आधी याच बर्फावर व्हँकुव्हरने 10-1 हरवलं होतं. लागोपाठच्या दोन सामन्यांत दहा-दहा गोल खाणारा संघ नॅशनल हॉकी लीगने 1965-66 च्या बॉस्टननंतर पाहिला नव्हता. त्या रात्री पिट्सबर्गच्या पांढऱ्या जर्सीत एरिक कार्लसन होता. आदल्या हंगामात तो आमच्याकडे होता, बचावपटू असून त्याने 101 गुण मिळवले होते, वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी घेतली होती. ऑगस्टमध्ये त्याला पिट्सबर्गला देऊन टाकलं गेलं. संघातलं सर्वांत चांगलं माणूस द्यायचं आणि बदल्यात काही तरुण खेळाडू, काही पुढच्या वर्षांतले निवडीचे हक्क घ्यायचे. याला इथे ‘रीबिल्ड’ म्हणतात, पुनर्बांधणी. माइक ग्रियर 2022 मध्ये जनरल मॅनेजर झाला तेव्हाच दिशा स्पष्ट झाली होती. कधीकाळी याच संघाकडून खेळलेला, लीगच्या इतिहासातला पहिला कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर. त्याच्या हाती आलेला संघ वयाने थकलेला, पगारांच्या लांबलचक करारांनी जखडलेला होता. आधी टिमो मायर गेला, मग कार्लसन, नंतर टोमास हर्टल. प्रेक्षकांना सांगितलं गेलं, धीर धरा.

धीर धरणं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

पुण्यात, बोपोडीत आमची इमारत आहे, म्हणजे होती. ती पुनर्विकासाला गेली. आई तेव्हापासून जवळच भाड्याच्या घरात राहते. तिथे खिडकी पूर्वेला नाही म्हणून तिची झाडं नीट वाढत नाहीत, आणि जिन्यात भेटणारी माणसं वेगळी आहेत. नव्या घराचा नकाशा तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला आहे. मी फोन केला की ती सांगते, आता पाचवा स्लॅब पडला, आता पावसामुळे थांबलंय. पण मला लक्षात राहिली आहे ती आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी. इमारत रिकामी केली तेव्हा ती नुकती बालवाडीत जायला लागली होती. आज ती पाढे म्हणते, सायकल चालवते, आईला मोबाइलवर फोटो कसे पाठवायचे ते शिकवते. मोठी माणसं त्या वर्षांना ‘मधला काळ’ म्हणतात. तिला मधला काळ ठाऊकच नाही. तिचं बालपण त्या भाड्याच्या घरातच झालं, आणि ते पूर्ण झालं.

शार्क्सचा तो हंगाम बघताना मला ती मुलगी सारखी आठवत राहिली. संघाच्या कार्यालयात कुणाच्या तरी भिंतीवर 2027 चा, 2028 चा नकाशा असणार. कोण कितव्या वर्षी किती मोठा होईल, कोणाचा करार कधी संपेल. त्या नकाशावरून बघितलं तर नोव्हेंबरातला हा शनिवार म्हणजे नुसती परांची, इमारत उभी राहिली की उतरवून ठेवायची. पण जो बर्फावर उभा आहे, त्याच्यासाठी ती परांची नाही. आइस हॉकीतल्या खेळाडूची कारकीर्द लहान असते. कित्येकांना दोन-तीन हंगाम मिळतात, काहींना वीस-तीस सामने. खालच्या लीगमधून बोलावणं आलेला, तिशी ओलांडलेला बचावपटू जर याच वर्षी इथे खेळणार असेल, तर हेच त्याचं आयुष्यातलं वर्ष आहे. पुढे कधी शार्क्स चषक जिंकतील तेव्हा तो स्वतःच्या गावी मुलांना स्केटिंग शिकवत असेल. त्याची संध्याकाळ आज आहे. माझीही.

हा विचार मला पहिल्या वर्षी एवढा स्वच्छ सुचला नव्हता. तेव्हा फक्त वाईट वाटायचं. 2023-24 चा हंगाम सुरू झाला आणि पहिल्या अकरा सामन्यांत एकही विजय नाही. दहा पराभव, एक शूटआउटमधली हार. त्या संपूर्ण हंगामात 82 सामने होते, ऑक्टोबरात सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालणारे, आणि ऑक्टोबर संपेपर्यंतच कळून चुकतं की यंदा एप्रिलनंतर काही नाही. कळल्यावरही सत्तर सामने उरतात. ही गोष्ट मला या खेळाबद्दल विलक्षण वाटते. निकाल आधीच लागून जातो आणि तरीही आठवड्यातून तीनदा साठ मिनिटांचा खेळ होत राहतो. झाम्बोनी गाडी येते, बर्फावर पाण्याचा पातळ थर पसरत जाते, बर्फ काचेसारखा होतो. फ्रीजरमध्ये गोठवलेल्या रबरी चकत्या, म्हणजे पक, बाहेर काढतात. दिवे मंदावतात, छतावरून शार्कचं प्रचंड डोकं खाली उतरतं, डोळे लाल होतात, आणि त्या जबड्यातून एकेक खेळाडू धावत बर्फावर येतो. अकरा सामने हरलेल्या संघासाठीही ते डोकं त्याच उंचीवरून उतरतं.

संघ हरत असतो तेव्हा एरिनात जागा रिकाम्या राहतात, आणि रिकाम्या एरिनात हॉकी ऐकू येते. भरलेल्या घरात हे आवाज कधीच पोचत नाहीत. पात्यांची कर्र, पासला काठी लागल्याचा टणक टक्, काचेवर आदळलेल्या दोन अंगांचा धप्प, आणि खेळाडूंची हाक. हॉकीपटू खेळताना सतत बोलतात हे मला त्या वर्षी कळलं. एकमेकांना सांगत असतात, तुझ्या पाठीवर माणूस आहे, वेळ आहे तुझ्याकडे, इकडे फिरव. एक पाळी जेमतेम पाऊण मिनिटाची. तेवढ्यात अंगातलं सगळं ओतायचं आणि बाकावर येऊन धापा टाकत बसायचं, दुसरे पाच उतरतात. सात गोलांनी मागे असतानाही ती पाऊण मिनिटं कोण कशी खेळतं, हे बघायला मी शिकले. विल्यम एकलुंड हा स्वीडनचा मुलगा, 2021 मध्ये सातव्या क्रमांकावर निवडलेला, अंगाने किरकोळ. कोपऱ्यात तो त्याच्याहून दांडग्या माणसांच्या मधे घुसायचा, पाठीवर दणके घ्यायचा आणि पक घेऊनच बाहेर यायचा. त्या कोपऱ्यातून निघालेल्या पासचं पुढे काहीही व्हायचं नाही. तरी तो पुढच्या पाळीत परत तिथेच. असं काही दिसलं की आमच्या रांगेत चार-सहा माणसं टाळ्या वाजवायची.

त्या चार-सहांमधले एक आजोबा माझ्या डाव्या हाताला बसतात. ते काऊ पॅलेसपासूनचे. काऊ पॅलेस म्हणजे डेली सिटीतलं जुनं सभागृह, मुळात गुराढोरांच्या प्रदर्शनांसाठी बांधलेलं. 1991 मध्ये शार्क्सचा जन्म झाला तेव्हा सॅन होजेतलं एरिना तयार नव्हतं, म्हणून पहिली दोन वर्षं संघ तिथे खेळला. दुसरं वर्ष, 1992-93 चं: 84 सामने, 11 विजय, 71 पराभव, दोन बरोबरी. एका हंगामात 71 पराभव, हा लीगचा विक्रम आजही शार्क्सच्याच नावावर आहे. आजोबा ते वर्ष सांगतात ते दुःखाचं म्हणून नाही. ते सांगतात तिथल्या गर्दीबद्दल, धुरकट दिव्यांबद्दल, आणि कॅलिफोर्नियाच्या उन्हात वाढलेल्या माणसांना ऑफसाइड म्हणजे काय ते शेजारच्याने समजावून सांगण्याबद्दल. तिथे सगळेच नवे होते, संघही आणि प्रेक्षकही. पुढच्याच वर्षी संघ सॅन होजेत आला, 58 गुणांनी वर चढला, आणि 1994 च्या वसंतात आठव्या क्रमांकाच्या शार्क्सनी पहिल्या क्रमांकाच्या डेट्रॉइटला सातव्या सामन्यात, त्यांच्याच घरात, 3-2 हरवलं. गोल जेमी बेकरचा. जाळ्यात लॅटव्हियाचा आर्तुर्स इर्बे. आजोबा इर्बेचं नाव घेतात तेव्हा खुर्चीत ताठ होतात.

मला मात्र त्यांच्या बोलण्यातलं 1994 पेक्षा 1993 जास्त ऐकावंसं वाटतं. विजयाची वर्षं सगळ्यांनाच सांगता येतात, त्यांची चित्रफीत असते. 71 पराभवांतला एखादा साधा मंगळवार ज्याला आठवतो, त्याच्याकडे काही तरी असं आहे जे त्याच्याबरोबरच जाईल.

हॉकी माझ्या आयुष्यात बर्फावरून आली नाही. खडकीत वाढलेल्या मुलीला हॉकी म्हणजे मैदान, माती, आणि संध्याकाळी कारखान्याच्या वसाहतीतून येणारा काठ्यांचा आवाज. बाबा दारूगोळा कारखान्यात होते. धनराज पिल्ले ज्या वसाहतीत वाढला, मोडक्या काठ्या दोरीने बांधून खेळला, ती आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तो चार ऑलिंपिक खेळला आणि चारही वेळा पदकाशिवाय परत आला. 2000 मध्ये सिडनीत पोलंडविरुद्ध शेवटच्या दोनेक मिनिटांत बरोबरीचा गोल झाला आणि उपांत्य फेरी हातची गेली, त्या दिवशी आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा नेहमीसारखे मैदानावर गेले. तिथे दहा-बारा वर्षांची पोरं खेळत होती. बाबा सीमारेषेवर उभे राहून एकेकाला नावाने हाक मारत होते. त्यांनी धीर हा शब्द उच्चारल्याचं मला आठवत नाही. ते फक्त रोज जायचे. पुढे टोकियोत 2021 च्या ऑगस्टमध्ये भारताला 41 वर्षांनी हॉकीचं पदक मिळालं, तेव्हा ते बघायला बाबा नव्हते. मी इथे रात्री टीव्हीसमोर बसून रडले, आणि ते रडणं जेवढं पदकासाठी होतं तेवढंच मधल्या सगळ्या संध्याकाळांसाठी होतं.

तळाच्या संघाच्या प्रेक्षकापुढे एक पेच येतो, तो खडकीत नव्हता. इथे हरण्याला बक्षीस आहे. दर उन्हाळ्यात नवीन खेळाडूंची निवड होते आणि पहिली निवड कुणाची हे सोडतीने ठरतं. 14 क्रमांकित चेंडूंमधून चार चेंडू बाहेर येतात. ज्याचा हंगाम सर्वांत वाईट, त्याला पहिली निवड मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त, 25.5 टक्के. म्हणजे फेब्रुवारीत एखादा सामना चुकून जिंकला, की त्या शक्यतेला धक्का. माझ्या ओळखीचे खूप चाहते, संघावर मनापासून प्रेम करणारे, त्या महिन्यांत उघडपणे म्हणायचे की आता हरलेलंच बरं. त्यांचा हिशेब बरोबर होता. मला तो मनाने करता आला नाही. समोर कुणी तरी पकच्या पुढे अंग टाकतो आहे, गोठलेल्या रबराची ती चकती घोट्यावर घेतो आहे, लंगडत बाकाकडे जातो आहे, आणि मी मनात म्हणायचं की हे वाया जाऊ दे? खेळणाऱ्याला हरायचं नसतं. जगातल्या कुठल्याच खेळाडूला, दहा गोलांनी मागे असताना सुद्धा, हरायचं नसतं. हरण्याची इच्छा फक्त बघणाऱ्याला होऊ शकते, आणि म्हणून ती मला परकी वाटते. धीराचा एक अर्थ मला तिथे लागला: समोरच्या माणसाला जे हवं आहे तेच आपणही मागायचं, आज, या पाळीत, भले ते उद्याच्या हिशेबाला नुकसानीचं असो.

पहिला विजय आला तो 7 नोव्हेंबरला, बाराव्या सामन्यात. फिलाडेल्फियाविरुद्ध 2-1. जाळ्यात मॅकेन्झी ब्लॅकवुड होता. शेवटची दोन मिनिटं मला उभ्यानेही बघवेनात आणि बसूनही. भोंगा वाजला तेव्हा खेळाडू त्याच्याभोवती असे गोळा झाले की कुणाला वाटावं चषक मिळाला. मी घरी येऊन दिवाळीच्या करंज्यांचं सारण परतायला घेतलं. रात्रीचे साडेअकरा झाले होते. पुण्यात दुसऱ्या दिवशीची दुपार. आईचा फोन आलाच.

“जिंकले का गं तुझे?”

“जिंकले.”

“किती दिवसांनी! दृष्ट काढ त्यांची.”

आईने आयुष्यात एकही आइस हॉकीचा सामना अखेरपर्यंत पाहिलेला नाही. पक तिला दिसतच नाही. पण तिला पत्ता लागला आहे की हा हंगाम नवरात्र-कोजागिरीच्या सुमारास सुरू होतो आणि आमच्या घरी पहिला विजय दिवाळीच्या आगेमागे येतो. तिचं हे पंचांग आश्चर्यकारकरीत्या खरं निघत गेलं. 2024 मध्ये पुन्हा तेच. पहिल्या सामन्यात सेंट लुइसविरुद्ध 4-1 असे पुढे होतो, तो सामना ओव्हरटाइममध्ये 5-4 हरलो, आणि त्यानंतर हरतच राहिलो. नऊ सामने, शून्य विजय. दहाव्या सामन्यात, 28 ऑक्टोबरला, यूटाच्या घरी आम्ही 4-1 मागे पडलो आणि ओव्हरटाइममध्ये 5-4 जिंकलो. तेच आकडे, उलट्या बाजूने. गोल अलेक्झांडर वेनबर्गचा. त्या दिवशी वसुबारस होती. 2025 मध्ये पहिले सहा सामने गेले आणि पहिला विजय 23 ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये रेंजर्सविरुद्ध, 6-5, तोही ओव्हरटाइममध्येच. भाऊबीज होती. इथे तेव्हा दुपार चालू होती, आणि भावाला व्हिडिओ कॉलवर ओवाळलेलं ताट टेबलावर तसंच ठेवून मी सामना लावला.

त्या न्यूयॉर्कच्या सामन्यात मॅकलिन सेलेब्रिनीने तीन गोल केले. त्याचं नाव मी इतका वेळ मागे ठेवलं, कारण तो आला की बाकीचं झाकोळतं. 2024 च्या मे महिन्यात सोडतीचे चेंडू आमच्या बाजूने पडले आणि 28 जूनला लास वेगासमध्ये त्याची पहिल्या क्रमांकावर निवड झाली. त्याच दिवसांत सॅन होजेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरलं होतं. अधिवेशनाच्या सभागृहातून बाहेर पडत होत्या पैठणीतल्या बायका, नऊवारीतल्या मुली, कुठे ढोलाचा नाद, आणि मी एका खांबाशी उभी राहून फोनवर एका अठरा वर्षांच्या मुलाला निळसर-हिरवी जर्सी चढवताना बघत होते. माझ्या शेजारून जाणाऱ्या एका काकूंनी विचारलं, “मुलगा का गं तुझा?” मी नाही म्हटलं, आणि लगेच त्यांना सगळं सांगितलं. त्याचे वडील रिक सेलेब्रिनी इथल्याच गोल्डन स्टेट वॉरियर्स या बास्केटबॉल संघाच्या खेळाडूंची प्रकृती सांभाळतात. मुलगा लहानपणी काही काळ इथल्याच ज्युनियर शार्क्सकडून खेळला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे घरचाच की,” म्हणाल्या.

पहिल्या वर्षी सेलेब्रिनी राहायला होता जो थॉर्नटनच्या घरी. ही गोष्ट मला फार आवडते. थॉर्नटन 2005 मध्ये बॉस्टनहून आला, पंधरा वर्षं इथे खेळला, 2016 मध्ये संघाला अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेला आणि पिट्सबर्गकडून हरला. चषक त्याला शेवटपर्यंत मिळाला नाही. 2024 च्या नोव्हेंबरात त्याची 19 क्रमांकाची जर्सी एरिनाच्या छताखाली चढवली. आणि त्याच्याच घरात, त्याच्या मुलांबरोबर, संघाचं पुढचं सगळं ज्याच्यावर अवलंबून आहे असा मुलगा जेवत होता, झोपत होता. काय बोलत असतील ते रात्री? मला वाटतं हॉकीबद्दल फारसं नसतील बोलत. कोण उद्या मुलांना शाळेत सोडणार, दूध आहे का, असंच काही.

सेलेब्रिनी असूनही ते वर्ष पुन्हा तळालाच संपलं. 20 विजय, 52 गुण. आणि त्या वर्षात माणसं जात राहिली. ब्लॅकवुड कोलोरॅडोला गेला. मिकाएल ग्रॅनलुंड डॅलसला. मार्चमध्ये निको स्टर्म आणि दुसरा गोलरक्षक विटेक वानेचेक फ्लोरिडाला, आणि जूनमध्ये दोघांच्या हातात स्टॅनली चषक होता. तीन महिन्यांपूर्वी लीगच्या तळाशी खेळत होते ते दोघे. त्यांची छायाचित्रं बघून मला मत्सर वाटला नाही, खरंच नाही. आमच्या वाईट संध्याकाळींचा थोडा भाग त्या चषकाला लागला आहे, असं वाटलं.

ज्यांना कुठेच जाता आलं नाही त्यांच्याबद्दल मात्र जीव तुटतो. लोगन कुटुर कर्णधार होता. जांघेच्या हाडाच्या दुखण्याने त्या पहिल्या वाईट हंगामात तो सहाच सामने खेळू शकला, पुढे एकही नाही, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये त्याने खेळ संपल्याचं सांगितलं. संपूर्ण कारकीर्द एकाच जर्सीत. मार्क-एदुआर व्लासिक 2006 पासून इथे होता, 19 हंगाम. त्याने चांगली वर्षं सगळी पाहिली, वाईटही सगळी पाहिली, आणि सकाळ उजाडायच्या जरा आधी, 2025 च्या जूनमध्ये, संघाने त्याचा उरलेला करार पैसे देऊन संपवला. व्यवहार म्हणून तो समजतो. नवीन मुलांना जागा हवी, पैशांची मर्यादा आहे, तो अडतीस वर्षांचा झाला होता. पण इमारतीच्या पुनर्विकासात जुन्या रहिवाशालाही नव्या इमारतीत घर मिळतं, निदान आमच्याकडे तसा करार असतो. हॉकीत तसा करार नसतो.

म्हणून आता, जेव्हा संघ खरोखर जिंकू लागला आहे, मला आनंदाबरोबर आणखीही काही तरी होतं. तिसऱ्या हंगामाचा डिसेंबर आला तोवर विजय-पराभव जवळजवळ बरोबरीला आले होते. संघातला दुसरा तरुण खेळाडू विल स्मिथ आणि सेलेब्रिनी एकमेकांना न बघता पास देतात आणि साडेसतरा हजारांचं एरिना एकदम उठून उभं राहतं. समोरच्यांचा एक खेळाडू शिक्षेने बाहेर बसला, म्हणजे पॉवर प्ले मिळाला, की सगळे दोन्ही हात लांब करून जबड्यासारखे उघडझाप करतात, लहान मुलं, आजोबा, मी. आवाज एवढा असतो की बर्फावर कोण कोणाला काय सांगतंय ते आता ऐकू येत नाही. आमच्या पुढच्या रांगेत एक नवीन कुटुंब यायला लागलं आहे, फ्रीमाँटहून. त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी सेलेब्रिनीची 71 क्रमांकाची नवी कोरी जर्सी घालून येते. मध्यंतरात तिने मागे वळून मला विचारलं की तुमचा सर्वांत आवडता खेळाडू कोणता. सेलेब्रिनी म्हणायला काहीच हरकत नव्हती. मी एकलुंड म्हणाले, आणि मग व्लासिक.

“तो कुठे बसलाय?” तिने बाकाकडे बघत विचारलं.

आजोबा हसले आणि खुर्ची सोडून पुढे सरकले. तिच्या वडिलांनी सांगितलं, अगं, आंटींना खेळ बघू दे. पण मध्यंतर संपायला अजून बराच वेळ होता, झाम्बोनी नुकती आत शिरली होती. आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, काऊ पॅलेसपासून सुरू करू या का तुझ्या त्या शनिवारपासून? मुलगी गुडघे खुर्चीवर टेकून पूर्ण मागे वळून बसली होती, तोंडात पॉपकॉर्न. मी म्हटलं, शनिवारपासून, आणि आधी तिला विचारलं की एका सामन्यात दहा गोल झालेले तिने कधी पाहिलेत का.

“आपण केलेले?” ती म्हणाली.